ऐंशी काउंटच्या सुतासाठी रुई निवडताना

कोल्हापूर जिल्हा उसाचा. कापूस इथं नावालाच, पण इचलकरंजीचे माग आणि भोवतालच्या सूतगिरण्या यांच्यासाठी रुईच्या गाठी बाहेरून येतच असतात. अशाच एका गिरणीच्या गुणवत्ता विभागात मी काम करतो. गेल्या हंगामात भारी शर्टिंगसाठी ८० काउंटच्या (काउंटचा आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक) कोंब्ड, म्हणजे विंचरून आखूड तंतू काढलेल्या सुताची मागणी आली आणि रुई पसंत करायचं काम माझ्याकडं आलं.

एरवी आम्ही शंकर-६ ही कापसाची जात वापरतो. तिच्या तंतूची लांबी २९ मिलिमीटरच्या आसपास, तीस-चाळीस काउंटला ती उत्तम. ऐंशीला मात्र धारवाडची डीसीएच-३२ ही लांब तंतूची जात लागते, ३४ मिलिमीटरच्या आसपासची. तिचा खंडीचा, म्हणजे सुमारे ३५६ किलोचा भाव बराच चढा असतो. शिवाय कोंबरवर, म्हणजे विंचरायच्या यंत्रावर, आखूड तंतू नॉइल (गाळ) म्हणून निघून जातात. त्यामुळं निवड चुकली की नुकसान मोठं.

प्रत्येक गाठीच्या दोन्ही बाजूंनी नमुना काढला. नमुना आला की लगेच मशीनवर लावायचा नाही, आधी प्रयोगशाळेच्या ठरलेल्या हवेत मुरू द्यायचा. ओलावा प्यालेला कापूस असतो त्यापेक्षा मजबूत दिसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ही घाई फार महागात पडते. मग एचव्हीआय या तंतू तपासायच्या यंत्रावर लांबी, ताकद, मायक्रोनेअर, चमक, पिवळेपणा असे आकडे येतात.

मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते मायक्रोनेअरशी. हा आकडा तंतूचा बारीकपणा आणि पक्वपणा एकत्रच सांगतो. शंकर-६ मध्ये ३.२ आला तर माल कच्चा समजावा. डीसीएच-३२ जातीनंच बारीक, तिथं तोच ३.२ चांगला असू शकतो. एका लॉटमध्ये काही गाठींचा आकडा त्याहूनही खाली होता. बारीक की कच्चा? कॉस्टिक सोड्यात तंतू फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पक्व तंतू फुगून दांड्यासारखा गोल होतो, कच्चा चपटाच राहतो. चपटे बरेच निघाले. थोडं सूत कातून, विणून, निळ्या रंगात बुडवलं, तर कापडावर पांढरे ठिपके उठले. कच्चा तंतू रंग धरत नाही आणि त्याचे बारीक गुंतेही फार होतात. रुईच्या त्या गाठी परत पाठवल्या. व्यापारी चिडले, पण कापड हातात ठेवल्यावर त्यांचं बोलणं थांबलं.

उरलेल्या गाठी आकडे बघून मांडल्या. एका मिक्सिंगची, म्हणजे एकत्र मिसळलेल्या गाठींची, सरासरी पुढच्या मिक्सिंगपेक्षा हलली तर रंगवलेल्या कापडात पट्टे दिसतात.

एवढं करूनही एक गोष्ट एचव्हीआय सांगत नाही: रुईतला परका धागा. खताच्या पोत्यातून कापूस भरला की प्लॅस्टिकचे तंतू येतात. केस, सुतळी, रंगीत चिंधीही येते. पांढरा प्लॅस्टिक तंतू सुतावरच्या सेन्सरलाही बऱ्याचदा चकवतो आणि रंग घेत नसल्यामुळं थेट रंगवलेल्या कापडावर उघडा पडतो. म्हणून ब्लो रूमच्या, म्हणजे रुई मोकळी आणि साफ करणाऱ्या यंत्रांच्या, आधी आमच्या मावशी टेबलावर रुई पसरून हातानं निवडतात. मी त्यांच्यासोबत बसलो तेव्हा मला काहीच सापडेना. एक मावशी म्हणाल्या, "उजेडाकडं तिरकं धर, मग चमकंल." तसं धरलं तर खरंच केसाएवढा तंतू दिसला. हे काम दिवसभर मान खाली घालून करावं लागतं. भारी सुताच्या किमतीत त्यांच्या मजुरीचा वाटा वाढला पाहिजे, हे मी बैठकीत मांडलं आणि पुढंही मांडणार आहे.

निघालेला कचरा लॉटप्रमाणे पिशवीत भरून, वजन करून जिनिंगवाल्यांना, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्यांना, पाठवला. त्यांनी वेचणीसाठी सुती कापडाच्या पिशव्या वाटायचं कबूल केलं. सूत पसंत होऊन गेलं. आता डीसीएच-३२ च्या खरेदीच्या बोलणीत लांबी आणि मायक्रोनेअरच्या बरोबरीनं आम्ही एका गाठीमागं किती ग्रॅम परका धागा चालेल तेही लिहून घेतो.