तळाचं पाणी : आमची वाटचाल

आमची फर्म बोअरच्या धंद्यातून वर आली. वडिलांची डीटीएच रिग (खडकात बोअर मारायचं यंत्र) होती, गावोगाव शेतकऱ्यांना पाणी लावून द्यायचो. पिंपरी-चिंचवडकडचे जुने कारखाने बंद पडून तिथे टॉवर उभे राहायला लागले, तेव्हा आम्हाला वेगळीच कामं यायला लागली. बोअर घ्या, पण त्यातल्या पाण्यात काय उतरलंय ते सांगा.

खडक आम्हाला कळत होता. नमुना घ्यायला शिकवलं आमच्या पहिल्या भागीदारांनी. ते निवृत्त केमिस्ट, सगळे त्यांना सर म्हणायचे. 40 मिलीची काचेची कुपी काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची आणि मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी तो नमुना फेकून द्यायचा. सॉल्व्हंट, म्हणजे उडून जाणारं धुण्याचं रसायन, बुडबुड्यात पळतं आणि आकडा खोटा येतो. सरांच्या हाताखाली तयार झालेली पोरं आजही तसंच करतात.

पहिलं मोठं काम भोसरीच्या एका प्लेटिंगवाल्या शेठचं. क्रोमच्या टाकीखालची फरशी फुटलेली, बोअरचं पाणी पिवळं. पिण्याच्या पाण्यात क्रोमियम लिटरला 0.05 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आम्ही मुरमात हिराकस सोडलं. त्यानं विषारी सहा-संयुजी क्रोमियमचं तीन-संयुजी होतं, मग चुन्यानं सामू वर आणला की ते साक्यात बसतं. शेठ रोज सकाळी स्वतः बेलर, म्हणजे दोरीला बांधलेली नमुन्याची नळी, बोअरमध्ये टाकून रंग बघायचे.

पुढची वर्षं बरी गेली. मग एका बंद इंजिनिअरिंग कारखान्याचा प्लॉट आला.

तिथे सुटे भाग ट्रायक्लोरोइथिलीननं धुवायचे. हे द्रव पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, त्यामुळे ते पाण्यावर तरंगत नाही. मुरूम ओलांडून काळ्या पाषाणाच्या सांध्यांतून खाली उतरतं आणि तांबड्या बोलच्या, म्हणजे पाषाणाच्या दोन थरांमधल्या लाल मातीच्या, थरावर पसरतं. आम्ही प्रत्येक थराला वेगळा पिझोमीटर (ठरावीक खोलीचं पाणी तपासायची नळी) घेतला, वर-खाली बेंटोनाइटचं, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या मातीचं, सील, चिरा पाडलेला स्लॉटेड पाईप फक्त त्या थरापुरता. वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं. तळाला आकडे भयंकर होते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, हे इथे मुद्दाम लिहितो.

मालकांनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीला बोलावलं. त्यांनी उघड्या बोअरमध्ये बेलर टाकला, साचलेलं पाणी उपसलंसुद्धा नाही, वरच्या दोन-चार फुटांतला नमुना घेतला आणि ‘जागा स्वच्छ’ असा चकचकीत रिपोर्ट दिला. आमचा रिपोर्ट घाबरवणारा ठरला, बिल थांबलं. हीच कंपनी नंतर रेट फोडून आमची कामं घेत गेली. कॉम्प्रेसर विकला, रिग बँकेकडे गहाण पडली, पगार रखडले. सर मात्र बिनपगारी येत राहिले. आणि भोसरीच्या शेठनी पुढच्या मॉनिटरिंगचे पैसे आगाऊ आणून दिले, पावतीसुद्धा मागितली नाही. फर्म उभी राहिली ती या दोघांमुळे.

त्या प्लॉटवर तळघराची खोदाई झाली तेव्हा खड्ड्यात पाझरलेल्या पाण्याला गोडसर वास येऊ लागला आणि काम बंद पडलं. मग आमचाच रिपोर्ट पुन्हा काढला. उपसलेलं पाणी हवा फुंकून सॉल्व्हंट उडवणाऱ्या टॉवरमधून आणि कार्बनच्या गाळणीतून काढायचं काम आम्हालाच मिळालं, आणि आम्ही ते नीट केलं.

प्लॉट घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे. एक पावसाळ्याआधीचा आणि एक नंतरचा, असे दोन्ही नमुने मागा. पिझोमीटरची खोली आणि सील रिपोर्टात लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर सही करू नका. पंप बंद केल्यावर पाषाणाच्या भेगांतलं उरलेलं पुन्हा बाहेर येतं, म्हणून काम संपल्यावरही तपासणी चालू ठेवा. ट्रायक्लोरोइथिलीन जमिनीत कुजताना व्हिनाइल क्लोराइड बनू शकतं, ते जास्त घातक, तेही तपासून घ्या.

2025 च्या जुलैत प्रदूषित जागांसाठी केंद्राचे नियम आले, तेव्हापासून विचारणा वाढली आहे. जुन्या रिपोर्टाचं ते बिल मात्र अजून येणं आहे. त्याचा दावा आम्ही सोडलेला नाही, सोडणारही नाही.