डेटा सायन्स करू का म्हणे

गणपतीत सांगलीला गेले होते तेव्हा आरती संपल्या संपल्या मावसभावाने मला गच्चीवर नेलं आणि मोबाईलवर एका कोर्सचं ब्रोशर दाखवलं. सहा महिने, फी अशी की मावशीला सांगायची माझी पण हिंमत झाली नाही, वर मोठ्या अक्षरात मशीन लर्निंग, डीप लर्निंग, जेनएआय आणि शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स. त्यातला असिस्टन्स बारीक टायपात. पोरगा मेकॅनिकलच्या लास्ट इयरला. "ताई, करू का?"

खालून जेवायला हाका चालल्या होत्या त्यामुळे तिथे धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. वाच रे सगळं.

आधी माझं सांगते. मी बीकॉम. पुण्यात एका फायनान्स कंपनीत एमआयएसला, म्हणजे रोजचे रिपोर्ट बनवणाऱ्या टीमला लागले, म्हणजे दिवसभर एक्सेल, व्हीलुकअप, पिव्होट आणि संध्याकाळी सहाला साहेबांना रिपोर्ट. पहिल्याच महिन्यात माती खाल्ली. लोन अकाउंट नंबर 16 आकडी होते, मी सीएसव्ही फाइल (स्वल्पविराम टाकून ठेवलेला साधा डेटा) एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली आणि सेव्ह केली, आता एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले 15 आकडेच धरून ठेवतं आणि सोळाव्याच्या जागी गपचूप शून्य टाकतं हे मला कुठे माहीत. लागोपाठचे नंबर असलेले दहा-दहा कस्टमर एकच होऊन बसले, आणि ज्यांनी हप्ते वेळेवर भरले होते त्यांच्या नावापुढे थकबाकी. रिकव्हरीवाल्यांचे फोन जायच्या आत पकडलं म्हणून वाचले. एरर वगैरे काही आली नाही, फाइल दिसायला एकदम गोड.

आता करिअरचं. बाहेरून सगळं एकच वाटतं पण आत कामं वेगळी आहेत. डेटा इंजिनिअर म्हणजे दहा ठिकाणचा डेटा रोज पहाटे एका जागी नीट आणून टाकणारा, तो नळाचं पाणी सोडणाऱ्यासारखा, चालू आहे तोवर कोणाला आठवत नाही. ॲनालिस्ट म्हणजे मागच्या महिन्यात सेल का पडला हे शोधणारा. डेटा सायंटिस्ट पुढचा अंदाज बांधणारं मॉडेल करतो. ब्रोशरवर फोटो तिसऱ्याचा असतो, पण मी पाहिलेले बहुतेक फ्रेशर पहिल्या दोनातच लागलेत आणि त्यात काही कमीपणा नाही.

2012 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूने डेटा सायंटिस्ट हा एकविसाव्या शतकातला सगळ्यात सेक्सी जॉब म्हणून छापलं. तर या सेक्सी लायनीत मी गेल्या आठवड्यात तीन दिवस काय केलं, जिल्ह्यांची नावं दुरुस्त केली. एका टेबलमध्ये औरंगाबाद, दुसऱ्यात छत्रपती संभाजीनगर, तिसऱ्यात संभाजी आणि नगरच्या मध्ये स्पेस, ग्रुप बाय केलं, म्हणजे जिल्ह्यानुसार बेरीज काढली, की एका जिल्ह्याच्या तीन ओळी. उस्मानाबाद-धाराशिव, अहमदनगर-अहिल्यानगर यांचं तेच. म्हटलं सरळ फाइंड-रिप्लेस मारू, तर औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्ये पण आहे, तिथली सगळी दुकानं उचलून मराठवाड्यात आली असती! मग राज्य आणि जिल्हा दोन्ही धरून सरकारी कोड लावत बसले.

आणि ठाणे. 2011 च्या जनगणनेत ठाणे जिल्हा 1 कोटी 10 लाखांचा होता, पण 1 ऑगस्ट 2014 ला त्यातून पालघर वेगळा झाला. आमच्याकडे एकाने आजच्या ठाण्याचा सेल घेतला, 2011 च्या आकड्याने भागला आणि मीटिंगमध्ये सांगितलं की ठाण्यात आपला धंदा लोकसंख्येच्या मानाने फार कमी आहे. अरे त्या लोकसंख्येत डहाणू-जव्हार पण बसलेत ना. पायथन, म्हणजे डेटावाल्यांची प्रोग्रामिंगची भाषा, त्याचं माझ्यापेक्षा दहापट चांगलं आहे हं, ते खोटं नाही बोलणार.

म्हणून शिकायचं काय म्हणशील तर आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून हवं ते काढायची भाषा. मी हल्ली इंटरव्ह्यूला बसते तेव्हा एकच प्रश्न हमखास विचारते, ऑर्डर 1000 होत्या, कस्टमरच्या टेबलशी लेफ्ट जॉइन केल्यावर, म्हणजे प्रत्येक ऑर्डरपुढे तिच्या कस्टमरची माहिती जोडल्यावर, 1140 झाल्या, जास्तीच्या 140 आल्या कुठून? न्यूरल नेटवर्क तोंडपाठ असलेली मुलं इथे अडकतात. (कस्टमर टेबलमध्ये काही कस्टमर दोनदा आहेत, म्हणून त्यांच्या ऑर्डर पण दोनदा येतात, बस.) मग स्टॅटिस्टिक्स, निदान सरासरी कुठे फसवते आणि मीडियन, म्हणजे ओळीने लावल्यावर मधला येणारा आकडा, कधी घ्यायचा इतकं तरी. पायथन, त्यातलं टेबलांसाठीचं पांडाज, ग्राफ-रिपोर्टचं पॉवर बीआय हे हळूहळू येतं, क्वेरी तर आता एआय पण लिहून देतं, पण जिल्हा फुटलाय हे त्याला आपण सांगावं लागतं.

रेझ्युमेत टायटॅनिकचा प्रोजेक्ट, म्हणजे बुडालेल्या जहाजावरचं कोण वाचलं ते ओळखायचा, सगळे नवशिके करतात तो, टाकू नको. ती 891 ओळींची फाइल मी इतक्यांदा बघितलीय की आता मलाच बुडाल्यासारखं वाटतं. तू सांगलीचा ना, मग हळदीचे भाव घे. ॲगमार्कनेट या बाजार समित्यांच्या भावांच्या सरकारी साइटवर आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर फुकट मिळतात.

हे शेवटचं मी त्याला तिथून निघताना सांगितलं होतं आणि त्याने खरंच केलं. पहिली फाइल आली त्यात दर रविवारी हळद शून्य रुपये क्विंटल! मार्केट बंद म्हणून त्या दिवसाची ओळच नव्हती, याने रिकाम्या जागी शून्य भरलं, महिन्याची सरासरी धाडकन खाली. ते काढलं. मग म्हटलं वीस क्विंटल आवकेच्या दिवसाला आणि दोन हजार क्विंटलच्या दिवसाला सारखंच वजन देतोस का, तेही त्याने बदललं. काल ग्राफ पाठवला, छान दिसत होता. तेवढ्यात काका चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसले म्हणे, दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, यात राजापुरी जातीची आणि बाकीची हळद एकत्र केलीस की काय?

केली होती. आता वेगळी करतोय. फीचं मी अजून विचारलं नाही.