फिनलंडच्या आधी मांजरसुंबा

सप्टेंबरात आम्ही चौदा शिक्षक दहा दिवस फिनलंडच्या शाळा बघायला चाललोय. विमानाला अजून अवकाश आहे. माझा आतापर्यंतचा सगळा परदेश प्रवास म्हणजे केज ते मुंबई आणि मुंबई ते केज.

माझी शाळा बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या डोंगरातल्या एका वाडीवर. द्विशिक्षकी, चौथीपर्यंत. पासपोर्टसाठी कागद जमवायला बसलो तेव्हा कळलं, की शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एक आहे आणि आधारवर दुसरं. त्यात एक महिना गेला. ना हरकत प्रमाणपत्राची फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस झोपली, ते लिहीत नाही; नोकरी अजून बरीच राहिलीय.

व्हिसासाठी मात्र स्वतः हजर राहावं लागतं, दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात. म्हणून रात्रीची ट्रॅव्हल्स धरली. मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाडी चहाला थांबली. हे ठिकाण मला चौथीत असल्यापासून माहीत आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेला आमचा ट्रक इथंच थांबायचा. ट्रकात भांडी, ज्वारीचं पोतं, एक शेळी, वर आम्ही पोरं. इथून पुढं कोल्हापूरकडचा साखर कारखाना. तेव्हा मला तो परदेशच वाटायचा, तिथल्या लोकांची मराठीसुद्धा वेगळी लागायची. आता त्याच फाट्यावर मांडीवर फाईल घेऊन बसलो होतो. फाईलमध्ये सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट आणि तीस हजार युरोंचा प्रवास विमा. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, एवढा विमा लागतोच. रुपयात हिशोब केला तर पंचवीस लाखांच्या वर जातो. जिवाची एवढी किंमत आमच्या घरात आजवर कुणी लावली नव्हती.

मुंबईत व्हिसा केंद्रात नंबर आला. काचेच्या पट्टीवर आधी उजवी चार बोटं, मग डावी चार, मग अंगठे. डाव्या हाताला मशीन अडलं. समोरच्या मुलीनं ओला रुमाल दिला, पुन्हा ठेवायला सांगितलं. पुन्हा लाल दिवा.

"सर, या बोटाला काय झालंय?"

तर्जनीच्या पेरावर आडवा व्रण आहे. अकराव्या वर्षी मोळी बांधताना वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, छाटत होतो, तेव्हाचा.

"कोयता लागला होता," म्हटलं.

"म्हणजे नारळाचा?"

नाही म्हणालो, उसाचा. ती "अच्छा" म्हणाली आणि बोट जरा दाबून ठेवायला सांगितलं. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. मी बाहेर आलो, पण तो नारळ काही डोक्यातून जाईना. मुंबईतल्या मराठी मुलीला कोयता सांगता येत नसेल तर हेलसिंकीत काय सांगणार?

कारण तिथं प्रत्येकाला दहा मिनिटांत आपली शाळा मांडायचीय. दर रविवारी संध्याकाळी आमची व्हिडिओ मीटिंग असते. तिथल्या शिक्षणावर सगळे भरभरून बोलतात: मूल सातव्या वर्षी शाळेत, पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला पंधरा मिनिटांची सुट्टी, शिक्षक व्हायला पदव्युत्तर पदवी, आणि शाळा तपासायला येणारे अधिकारी नव्वदच्या दशकातच बंद. (या शेवटच्या मुद्द्यावर चौदाही चेहरे उजळले होते.) मला या आरतीचा जरा कंटाळा येतो. पिसा म्हणजे देशोदेशीच्या शाळकरी पोरांची चाचणी; तिच्यात 2006 ला गणितात फिनलंडचे 548 गुण होते, 2022 ला 484 झाले. तिथंही पोरं मोबाईलला चिकटलीच असतील की! मला बघायचंय ते वेगळं. तिथल्या बहुतेक शाळा नगरपालिका चालवतात, म्हणजे आपल्या झेडपीसारख्याच. शाळेत फुकट जेवण 1948 पासून सगळ्या पोरांना, आपल्याकडं 1995 ला योजना आली. त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून कोण शिजवतं, किती पगार मिळतो, उरलेलं कुठं जातं, हे विचारायचंय.

चौथीच्या वर्गानं प्रश्नांची वही केलीय. "तिथं टँकर येतो का?" हा पहिला. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार तळी असलेला देश आहे म्हटल्यावर वर्ग गप्प झाला. मग एकजण म्हणाला, "सर, मग ते पाण्याचं करतात काय?" पोरं तिथं शिक्षकांना नावानं हाक मारतात, हे सांगायला नको होतं. दोन दिवस व्हरांड्यात माझ्या नावाचा गजर चालला होता.

घरी वेगळंच. आई म्हणते, "कामून जायचं रे इतक्या लांब?" आणि त्याच दमात कुंथलगिरीचे पेढे बांधून द्यायला निघते. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे तिला पटत नाही. "पेढ्याला काय होतंय?" सीताफळही नाही. शेवटी शेंगदाण्याची चटणी ठरली, आणि धपाटे. ते या वेळी दह्याऐवजी पाण्यात मळायचे.

भाषणाचा मात्र घोळ झाला. आमच्या शाळेत दिवाळीनंतर पट निम्म्यावर येतो, हे सांगायला ऊसतोड सांगावी लागते. ऊसतोड सांगायला कोयता. शब्दकोशात सापडलं "सिकल". पण कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. एकटीच बाईही अर्धा कोयता. मग पोराचं काय? हंगामी वसतिगृहात ठेवलं नाही तर ते बैलगाडीत, पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यावर. मीही असाच, हिशोबात नसलेला. हे इंग्रजीत बसवायला तीन रात्री घालवल्या, नाहीच बसलं. खराखुरा कोयता न्यावा म्हटलं तर गटप्रमुख मॅडम घाबरल्या: "बप्पा, विमानतळावर आम्हाला ओळख दाखवू नका मग!"

म्हणून चौथीतल्या एकाला चित्र काढायला सांगितलं. त्याचे आई-बाप दरवर्षी जातात. तो जेवणाच्या सुट्टीत बसला आणि घंटा झाली तरी उठला नाही. कागदावर कोयता कुठंच दिसेना. नऊवारीतली बाई, डोक्याला टॉवेल बांधलेला माणूस, दोघांच्या मधे मोळी.

"अरे, कोयता कुठाय?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की सरांना एवढंही कळू नये. "सर, हाच की. दोघं."

खाली मी इंग्रजीत काहीच लिहिलेलं नाही. ड्रॉइंगचा मोठा कागद आहे, घडी न घालता बॅगेत कसा बसवायचा ते बघतोय.