फोटो काढून देऊ का?

"फोटो काढून देऊ का, ताई?" फ्रेमीतल्या जुन्या फोटोकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला तो जुन्या बाजारातला विक्रेता. आवाजात काही वाईट नव्हतं. किमतीची चिठ्ठी सोलून द्यावी, तितक्या सहज विचारलं त्यानं. आणि सकाळपासून हे एक वाक्य माझा पिच्छा सोडत नाहीये.

नीलूच्या नव्या घरासाठी जुनं काहीतरी हवं होतं. नवं काय, सगळेच देणार तिला. म्हणून लवकर उठून रस्त्यावरचा जुना बाजार गाठला. ऊन चढलं की तिथे नुसती गर्दी असते, वस्तू हातात घेऊन नीट बघता येत नाही. पहिल्यांदा एक घड्याळ आवडलं होतं, अंधारात आकडे चमकायचे त्या जातीचं. पण त्या काळातल्या बऱ्याच घड्याळांच्या आकड्यांना रेडियमचा रंग असायचा. चमक विझते, कारण त्यातलं चमकणारं द्रव्य थकतं. रेडियम मात्र तसंच राहतं, निम्मं व्हायलाच त्याला सोळाशे वर्षं लागतात. नीलूचं बाळ हाताला येईल ते तोंडात घालतंय. ठेवून दिलं.

मग ती फ्रेम दिसली. गडद लाकूड, कडेला बारीक वेलबुट्टी, एका कोपऱ्यात सांधा जरासा उघडलेला. काच जुनी होती, तिरपं धरलं की तिच्यातून पलीकडचं हलल्यासारखं दिसायचं. आणि आत एक बाई. खुर्चीत बसलेली, पाठ ताठ, मांडीवर मिटलेली छत्री. तिच्यामागे कुणीतरी उभं होतं, त्याचा फक्त हात खांद्यावर दिसत होता. बाकीचा माणूस कापलेला. फोटोतल्या काळ्या भागावर, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी झाक आली होती. कागदातली चांदी वर्षानुवर्षांच्या दमट हवेनं वर आली की अशी झाक येते. छापून जुनाट केलेल्या फोटोवर ती येत नाही. भिंग लावून पाहिलं, छपाईचे ठिपके नव्हते. खरा फोटो.

त्यावर त्याचा तो प्रश्न. शेजारी खोकं होतंच, सुट्या फोटोंनी भरलेलं. लग्नातले, शाळेतले, नक्षीदार कडांचे छोटे चौकोनी, आणि ते रंगीत, ज्यांचा निळा रंग उडून सगळे चेहरे लालसर झालेत. लोक मुठीनं उचलून बघत होते. ही बाईही त्यातच जाणार होती.

"राहू द्या," म्हटलं. पैसे दिले, निघाले.

घरी आल्यावर टेबलावर ठेवली आणि का कोण जाणे, रडूच आलं. त्या बाईसाठी नाही. तिला मी ओळखत नाही. मला माझंच वाईट वाटत होतं. आमच्या घरचे सगळे फोटो मी काढलेत. ताईच्या लग्नातले, बाबांच्या साठीचे, त्या शेवटच्या दिवाळीतले. म्हणजे मी त्यांत नाहीच. फोनमध्ये हजारो पडलेत, त्यांना मागची बाजूही नाही की कुणी पेन्सिलीनं दोन ओळी लिहाव्यात. माझा फोटो फ्रेमीतून काढून द्यायची वेळ कुणावर येणार नाही, कारण फ्रेमीत तो नसणारच. दुपारभर हेच घोळवत बसले. आईचा फोन आला, तोही घेतला नाही. तिला सांगितलं असतं तर तिनं लगेच… जाऊ दे.

संध्याकाळी सांधा चिकटवायला म्हणून फ्रेम उघडली. मागे तपकिरी कागद, तो काढल्यावर लाकडाची पातळ फळी, बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी अडकवलेली. एकेक चूक चिमट्यानं उपसली. फोटो काचेला चिकटला असेल अशी धास्ती होती. दमट हवेत तसं होतं, आणि मग ओढून काढायचा नसतो, वरचा थरच सोलून निघतो. सुदैवानं चिकटलेला नव्हता. फळी उचलली तर तिला लागून आणखी एक फोटो.

त्या बाईच्या मागे, तिच्याहून जुना. जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा, म्हणून सगळा पिवळसर. हा कागद इतका पातळ असायचा की पुठ्ठ्यावर चिकटवल्याशिवाय तो गुंडाळला जायचा. १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरनं छोट्या कार्डावरच्या फोटोचं पेटंट घेतलं आणि असे पुठ्ठे घराघरांत गेले. माझ्याकडचा त्यानंतर आलेल्या मोठ्या आकारातला आहे. त्यात एक म्हातारा, बाजूला कुत्रं. कुत्रं हललंय, त्याला दोन तोंडं आली आहेत. फळीतल्या गाठीचा तपकिरी डाग पुठ्ठ्याच्या मागे जसाच्या तसा उमटलाय. त्या डागाखाली स्टुडिओची नक्षी, पेन्सिलीनं घातलेला काचेच्या निगेटिव्हचा क्रमांक आणि छापलेली ओळ: प्रत केव्हाही मिळेल.

केव्हाही. कुठल्यातरी खोलीत काचा क्रमांकानं लावून ठेवल्या होत्या कुणीतरी, उद्या कुणी मागायला येईल म्हणून.

बराच वेळ दोन्ही फोटो शेजारी ठेवून बसले होते. त्या घरात कुणालातरी बाईचा फोटो लावायचा होता आणि फ्रेम एकच होती. त्यानं म्हाताऱ्याला काढून टाकलं नाही. मागे सरकवलं, वर बाईला बसवलं, चुका ठोकल्या. काढून देऊ का, असा प्रश्न त्या घरातही आलाच असणार. सकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी तेव्हा जरा हललं. पुढे राहायलाच हवं असं कुठे आहे? मागे असणंही असणंच. मला एवढ्यावर भागवता येईल असं वाटतंय. आज तरी.

तर ठरलं. फ्रेम नीलूलाच द्यायची. दोघेही आत राहतील, मध्ये आम्ल नसलेला कागद घालून, आणि ती लाकडी फळी बदलून. तिला आधीच सांगणार, म्हणजे कधी चुका उपसल्या तर दचकायला नको. नको असतील तर काढू देत, फक्त टाकू नयेत, मला परत द्यावेत, एवढं मागून घेणार आहे.

पुढे कुठला लावायचा ते तिनं ठरवावं. विचारलंच तर सांगेन, आत्यानं काढलेला गच्चीवरचा लाव. त्यात सगळे आहेत, आणि डावीकडे कडेला मीही आहे.