'लायसन्स टू किल'च का?

"बाँडपटांतला तुमचा सगळ्यात आवडता कुठला?" हा प्रश्न मला कायम विचारला जातो. मी 'लायसन्स टू किल' म्हणालो की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "तो टिमथी डाल्टनवाला? अहो, त्यात बाँड हसतसुद्धा नाही!" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

हसतो की. जिवलग मित्र फीलिक्स लायटरच्या लग्नात तो मनापासून हसतो. तिथेच नवरी डेला त्याला लग्नावरून चिडवते आणि त्याचा चेहरा क्षणात उतरतो. याचंही एकदा लग्न झालं होतं, फार पूर्वी, एवढंच फीलिक्स तिला सांगतो. 1969 सालच्या बाँडपटात लग्न होताच त्याच्या बायकोचा खून झाला होता; ती जखम वीस वर्षांनी अशी दोन वाक्यांत उघडी पडते. त्याच रात्री डेलाचा खून होतो आणि फीलिक्सला शार्कपुढे टाकलं जातं. बाँड सूड घ्यायला निघतो, वरिष्ठ त्याचा परवाना काढून घेतात. इथून पुढे तो इंग्लंडसाठी लढत नाही, मित्रासाठी लढतो.

आणि लढतो कसा, तर संशय पेरून! या सगळ्यामागचा अमली पदार्थांचा सम्राट सांचेझ पैशापेक्षा निष्ठेला मोठं मानतो. बाँड नेमकं तेच हेरतो. क्रेस्ट या साथीदाराच्या बोटीवर तो सांचेझचाच पैसा दडवून ठेवतो, पुढचं काम सांचेझ स्वतःच्या हातांनी करतो. रॉबर्ट डावीने हा माणूस इतका शांत रंगवलाय की त्याची जास्तच भीती वाटते.

बाँडला नवनवी यंत्रं पुरवणाऱ्या क्यूचं तर मला फार अप्रूप आहे. 1963 पासून डेझमंड लुएलिन म्हणजे एखादा प्रसंग, चार यंत्रं आणि एक झापणी. इथे म्हातारा रजा काढून बाँडच्या मदतीला येतो. वेषांतर करून रस्त्यावर उभा असताना झाडूत लपवलेल्या वायरलेसवर बोलतो आणि बोलून झाल्यावर तोच झाडू खुशाल भिरकावून देतो. यंत्रं नीट परत आणा म्हणून जन्मभर ओरडलेला माणूस!

हाँगकाँगच्या हेरांचं उपकथानक उपरं वाटतं, हे मान्य. पण 1989 च्या त्या उन्हाळ्यात समोर 'बॅटमन' होता, इंडियाना जोन्स होता, आणि ब्रिटनमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना या चित्रपटाला प्रवेशच नव्हता; तो अपेक्षेइतका चालला नाही यात नवल काय! पुढचा बाँडपट यायला 1995 उजाडलं, तोवर डाल्टनने ही भूमिका सोडली होती. पण त्या सहा वर्षांच्या खंडाचं मोठं कारण कंपन्यांमधली कोर्टबाजी होती. खापर मात्र या चित्रपटावर फुटलं. मला याचं आजही वाईट वाटतं.

शेवट पुन्हा बघा. पेट्रोलने निथळणारा सांचेझ कोयता उगारून उभा आहे, बाँड जमिनीवर अर्धमेला. तो खिशातून चांदीचा लायटर काढतो. लग्नात फीलिक्स आणि डेलाने दिलेला, त्यावर दोघांची नावं कोरलेली.