'बावर्ची' घाण्यावरचे नारिंगी ठिपके: चोर सापडला

चोर सापडला. तेल नव्हे, पाणी नव्हे, साबणाच्या वड्या ठेवायची जाळीही नव्हे. कॉस्टिक सोडा, म्हणजे तेलाचा साबण करणारा क्षार.

मागची नोंद वाचलेल्यांना 'बावर्ची' घाण्याची, म्हणजे त्या एका खेपेला केलेल्या साबणाची, अवस्था ठाऊक आहे. जुलैत ओतलेल्या वड्या, कडा सुबक, रंग फिकट पिवळा. पावसाची झड लागली आणि एकेक करत त्यांच्यावर नारिंगी ठिपके उमटू लागले. आधी मोहरीएवढे, मग पसरलेले. नाक जवळ नेलं की खवट तेलाचा वास. बहुतेकांनी एकच उपाय सुचवला: साबणातलं सोयाबीन तेल काढून टाका.

मी काढलेलं नाही आणि काढणारही नाही. मी इंदूरला राहतो. चहूकडे माळवा सोयाबीन पिकवतो, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था याच शहरात आहे, सियागंज बाजारात तेल ताजं आणि परवडणाऱ्या भावात मिळतं. ऑलिव्हचा साबण उत्तम होतो, वाद नाही. पण मला आमच्या वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना पुरेल इतका साबण करायचा आहे, आणि तो आपल्या मातीतल्या तेलाचा व्हावा ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

सोयाबीनवरचा आरोप खोटा नाही. त्यात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल असतं, वर थोडं लिनोलेनिक, आणि हवेतला ऑक्सिजन आधी यांनाच धरतो. म्हणून मी ते मर्यादेत ठेवतो: नारळ 30, पामोलिन 45, सोयाबीन 20, एरंडेल 5 टक्के; त्यात सुपरफॅट, म्हणजे साबण न होता मोकळं राहू दिलेलं तेल, 5 टक्के. हजार ग्रॅम तेलाला साधारण 145 ग्रॅम कॉस्टिक. याच मापाचा 'गोलमाल' घाणा उन्हाळ्यात ओतला होता आणि त्याच्या उरलेल्या वड्या आजही निर्मळ आहेत. मग 'बावर्ची'नेच काय घोडं मारलं होतं?

नव्या मंडळींसाठी: माझ्या घाण्यांना सिनेमांची नावं असतात, कारण तेलं निवत असतात तेव्हा घरात सिनेमा चालू असतो. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत इंदूरची काय दशा होती ते इथे लिहीत नाही. वाड्यातही दुखणी आली. आत्या घरीच एका खोलीत होती आणि बरी झाली. बाहेर आल्यावर तिने एकच अट घातली, रोज संध्याकाळी सिनेमा लावायचा आणि त्यात कुणी मरायचं नाही. मग आम्ही 1972 चा 'बावर्ची' पाहिला, 1979 चा 'गोलमाल' पाहिला, 'अशी ही बनवाबनवी' तर पुतणीला जवळजवळ पाठ झाला.

'बावर्ची' त्या दिवसांत मला नव्याने कळला. भांडणारं मोठं घर आणि कामाला टिकेल असा माणूस सापडत नाही. मग एक स्वयंपाकी येतो आणि घासणं, पुसणं, चहा ठेवणं ही रोजची कामं आनंदाने करून दाखवतो. घर उपदेशाने बदलत नाही, बघता बघता त्यालाही त्या कामांची गोडी लागते. हात धुण्याचंही तसंच आहे असं माझं पक्कं मत झालंय. मार्च 2020 मध्ये आम्ही भीतीपोटी दुधाच्या पिशव्यासुद्धा धूत होतो. पहिली लाट ओसरली तशी भीती ओसरली, आणि भीतीबरोबर हात धुण्याचे वीस सेकंदही गेले. मुलं नळाखाली बोटं ओली करून पळू लागली. भीतीने लावलेली सवय भीतीइतकीच टिकते. हातावर छान फेस येतोय, मंद वास येतोय, सोबत कुणी गुणगुणतंय, असं असलं की वीस सेकंद सहज जातात. पुतणी 'सुखकर्ता दुःखहर्ता'चं एक कडवं म्हणत हात धुते. सावकाश म्हटलं की वेळ बरोबर भरते, घड्याळ लावून पाहिलंय.

खवट साबण मला सहन होत नाही तो याचमुळे. ठिपके पडलेल्या वडीने अपाय होत नाही, मळही निघतो. पण वास आला की माणूस हात लगेच काढून घेतो, आणि साबणाला विषाणूवरचं चरबीचं आवरण फोडायला जो वेळ लागतो तोच मिळत नाही. (कोरोनाचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो हे आता स्पष्ट झालंय, तेव्हा साबण काही मास्कची किंवा उघड्या खिडक्यांची जागा घेत नाही. पण हगवणीपासून डोळे येण्यापर्यंत बाकीची दुखणी काही रजेवर गेलेली नाहीत.)

तर तपास. पहिला संशय जाळीवर होता. लोखंड आणि तांबं तेलाचं खवटणं वाढवतात, हे आपल्याकडे अनेकांनी अनुभवलंय. मी वड्या स्टीलच्या जाळीवर ठेवतो, आणि जाळीचा मुलामा एका कोपऱ्यात उडालेला आहे. म्हणून ओततानाच घाणा विभागला होता: अर्ध्या वड्या जाळीवर, अर्ध्या लाकडी फळीवर बटर पेपर घालून. ठिपके दोन्हीकडे सारखेच आले. जाळी निर्दोष.

दुसरा संशय पाण्यावर. आमच्याकडे जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी आहे, उन्हाळ्यात त्यात बोअरिंगचं मिसळावं लागतं, आणि बोअरिंगच्या पाण्याने बादलीला तांबूस कड धरते. डिस्टिल्ड पाण्यात एक छोटा घाणा केला. त्यालाही ठिपके. थोडे उशिरा आले, पण आले. म्हणजे पाणी आगीत तेल ओतत असेल, आग त्याची नव्हती.

तिसरा संशय तेलावर, आणि इथे गाठ सुटायला लागली. सोयाबीनच्या त्याच डब्यातल्या तेलाचा एक चिमुकला घाणा मी मे महिन्यात घेतलेल्या सीलबंद डब्यातल्या कॉस्टिकवर केला, कारण तळाशी तेवढंच उरलं होतं. बाकी सगळं तेच. त्या वड्या दुसऱ्या दिवशी खणखणीत सुटल्या आणि आजतागायत त्यांच्यावर एक डाग नाही. 'बावर्ची'च्या वड्या मात्र साच्यातून सुटायलाच कुरकुरत होत्या, बोट लावलं तर खूण उमटे. मी तेव्हा त्याचा दोष दमट हवेला दिला होता. हवेचा हात होताच, फक्त साबणावर नाही, कॉस्टिकवर.

'बावर्ची'साठीचे कॉस्टिकचे फ्लेक्स (पापुद्रे) बाजारातल्या एका दुकानातून सुटे घेतले होते. पोतं उघडं, बाहेर पावसाळा. कॉस्टिक हवेतलं पाणी ओढून घेतं आणि कार्बन डायऑक्साइडही. वजनकाट्यावर आकडा तोच दिसतो, पण त्यातलं काही पाणी असतं आणि काही कार्बोनेट. हे आपण सगळे वाचून असतो. प्रत्यक्ष किती फरक पडतो ते मला मोजायचं होतं, आणि मोजायला प्रयोगशाळा लागत नाही.

साहित्य: सराफ्यात वापरतात तसा शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, निंबूसत (सायट्रिक आम्ल), डिस्टिल्ड पाणी, हळद आणि सॅनिटायझर. हळद सॅनिटायझरमध्ये कालवून गाळली की झाला सूचक. अल्कली असेपर्यंत लाल, संपलं की पिवळा. हळदीला क्षार लागून कुंकू होतं ते पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं आपल्याकडचं रसायनशास्त्रच इथे कामाला येतं. 10 ग्रॅम फ्लेक्स विरघळवून एकूण वजन 100 ग्रॅम करायचं आणि त्यातलं 10 ग्रॅम द्रावण वाटीत घ्यायचं, म्हणजे वाटीत एक ग्रॅम फ्लेक्स. दुसरीकडे निंबूसताचं दहा टक्क्यांचं द्रावण करून वाटीत थेंबथेंब सोडायचं. शुद्ध कॉस्टिक असेल तर रंग फिरायला 17.5 ग्रॅम द्रावण लागतं. (बाजारात मिळतं ते बहुधा मोनोहायड्रेट, म्हणजे स्फटिकात पाणी धरलेलं असतं, हा हिशेब त्याचा. निर्जल असेल तर 16 ग्रॅम.) हातमोजे आणि चष्मा घालूनच. आणि कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही.

सीलबंद डब्याच्या कॉस्टिकला 17.2 लागलं. सुट्याला 15.6.

मी पुन्हा केलं. तेच. म्हणजे सुटं कॉस्टिक 89 टक्क्यांच्या आसपास. आता हिशेब करा: 145 ग्रॅम टाकलं, त्यात खरं कॉस्टिक 129. या तेलांना शून्य सुपरफॅटला 152 लागतं. म्हणजे पाच टक्क्यांच्या जागी पंधरा टक्के तेल मोकळं राहिलं, त्यात सोयाबीनचाही वाटा, बाहेर श्रावणातली ओल. ठिपके येणारच होते. रात्री उशिरा हा आकडा वहीत मांडला तेव्हा इतका आनंद झाला की आत्याला उठवून दाखवावंसं वाटलं. सोयाबीनची बाजू खरी ठरली!

याहून एक मोठी गोष्ट गेल्या आठवड्यात घडली. कोरोनानंतर आत्याचं वास घेणं गेलं होतं. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही, कशाचाच वास नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला वासाचा सराव सांगितला आहे: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ, मन लावून, महिनोन् महिने. ती नेमाने करते. गुरुवारी 'बावर्ची'ची एक वडी तिने सहज हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "अरे, याला काहीतरी येतंय रे. वाईटच आहे, पण येतंय." आम्ही दोघंही कितीतरी वेळ हसत होतो. ज्या वासाला मी दोन महिने शिव्या घातल्या, तोच तिला आधी आला. ती वडी तिने ठेवून घेतली आहे. बाकीच्या पायपुसणी आणि फरशीसाठी काढल्या.

आता पुढचं. ठरलं होतं ते असं: पुढचा घाणा 'चलती का नाम गाडी', कॉफीचा चोथा घातलेला, ग्रीस काढणारा साबण. भावाच्या दुचाकीच्या वर्कशॉपसाठी. 1958 चा तो सिनेमा आमच्याकडे घरचाच मानला जातो. खंडव्याचे तिघे भाऊ पडद्यावर मिळून गॅरेज चालवतात, आणि किशोर कुमार इथल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकलेला, हे आत्या प्रत्येक वेळी सांगतेच. गॅरेज म्हटलं की काळे हात आलेच. पण हे लिहिता लिहिता विचार बदलतोय. आत्याचा सराव बाटल्यांतून चालतो आणि बाटली उघडायची आठवण करून द्यावी लागते. हात मात्र ती दिवसातून कितीदा तरी धुते. चार वासांच्या चार लहान वड्या बेसिनपाशी ठेवल्या तर? डॉक्टरांना विचारूनच, आणि बाटल्या चालू ठेवून.

अडचणी लगेच समोर उभ्या राहतात. निलगिरी सोपी. लिंबाचं तेल कोल्ड प्रोसेसमध्ये (न शिजवता साबण करण्याच्या पद्धतीत) टिकत नाही, क्युअरिंग, म्हणजे वड्या मुरत ठेवणं, संपेतो उडून जातं, तिथे गवती चहाचं घालावं लागेल, मग वास बदलला. खरं गुलाबतेल माझ्या आवाक्याबाहेर आहे, आणि बाजारातल्या 'गुलाब' अत्तरांपैकी बहुतेकांना मी साबणात घालणार नाही. एकाने तर मागे ब्लेंडर फिरायच्या आत घाणा दगड केला होता. आणि लवंग! लवंगेच्या तेलाने ट्रेस (मिश्रण दाट होऊ लागणं) सुसाट धावतो, शिवाय ते त्वचेला झोंबतं, त्यामुळे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आतच हवं. गार तेलात, ब्लेंडर बंद ठेवून, शेवटी उलथन्याने कालवायचं असा बेत आहे. पण फार गार करूनही चालत नाही. नारळाचं तेल 24 अंशांखाली गोठतं आणि खोटा ट्रेस देतं.

सामानाबद्दल दोन शब्द. ब्लेंडरचा पाय स्टीलचाच घ्या. अॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो, स्वस्त ब्लेंडरांत वरून ते कळत नाही. सिलिकॉनच्या साच्यांपेक्षा मला लाकडी साचा आणि बटर पेपर अजूनही आवडतो, साबण त्यात छान ऊब धरतो. आणि कॉस्टिक यापुढे फक्त सीलबंद. उघडलं की त्याच दिवशी तेवढ्याच वजनाच्या पाण्यात विरघळवून 50 टक्क्यांचं द्रावण करून जाड एचडीपीई प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवणार, म्हणजे हवेतून काही ओढून घ्यायला त्याला फारशी संधी उरत नाही. एक सावधगिरी: हे द्रावण 12 अंशांच्या आसपास गोठू लागतं, आणि इंदूरच्या जानेवारीच्या रात्री त्याखाली जातात, त्यामुळे हिवाळ्यात कॅन आतल्या खोलीत, कुलुपात.

पुढच्या घाण्यापासून निंबूसतही घालणार आहे, हजार ग्रॅम तेलाला 10 ग्रॅम, आणि त्याच्यासाठी कॉस्टिक 5.7 ग्रॅम जास्त. त्यांतून होणारं सोडियम सायट्रेट लोह बांधून ठेवतं, आणि बोअरिंगच्या पाण्यात साबणाची साय कमी धरते. सोयाबीन 20 टक्केच राहील.

'चलती का नाम गाडी' दिवाळीनंतर. आधी लवंग. कुणी कोल्ड प्रोसेसमध्ये लवंगेचं तेल ट्रेस न पळवता बसवलं असेल तर तेलाचं तापमान, पाण्याचं प्रमाण आणि टक्केवारी कळवा. मी रविवारी छोटा घाणा ओततोय.