येऊरचं वारूळ, बेडूक आणि अळंबी

येऊरला पावसात जायचं असेल तर सकाळी लवकर पोचा, आणि रविवारी तर जाऊच नका, कारण नंतर गाड्यांची रांग लागते आणि दारं उघडी टाकून असली गाणी लावतात की जंगल ऐकूच येत नाही. ठाणे स्टेशनहून बस, मग चालत.

पाटोणपाड्याच्या पुढे खाचरात पाणी साचलेलं आणि त्यात बुलफ्रॉगचे नर ओरडत होते. एरवी हा बेडूक मातकट हिरवा, पण पहिल्या मोठ्या पावसात नर पिवळाधम्मक होतात, गळ्याशी दोन निळे फुगे. बांधावर वारूळ, त्याच्या पायथ्याशी अळंबी उगवलेली. मी तिथेच बसले, बाकीचा ट्रेक सोडूनच दिला.

दोघं उन्हाळाभर जमिनीखाली असतात. बेडूक मातीत गाडून घेऊन पडून राहतो, अळंबीचं मात्र खाली काम चालू असतं, वाळवी पालापाचोळा चावून जे थर रचते त्यांच्यावर तिचे धागे वाढतात आणि कुजवलेलं ते अन्न वाळवी खाते. पाऊस पडला की त्याच वारुळातून पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते आणि बेडूक ती गपागप गिळतो. म्हणजे एक वारूळ चालवते, दुसरा त्यावर ताव मारतो! खाण्याची तऱ्हाही वेगळी, बेडूक अख्खं गिळतो, अळंबी ही बुरशी, ती अन्न बाहेरच विरघळवून शोषते. पाण्याच्या बाबतीत मात्र बेडूकही शोषणाराच, तो तोंडाने पीत नाही, कातडीतून घेतो, श्वाससुद्धा काही अंशी तिथूनच.

आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं, कारण एक जण त्याच पाण्याच्या कडेला गाडीला शाम्पू लावून धूत होता, फेस सरळ खाचरात. मी जाऊन सांगितलं, दादा हे पाणी ते कातडीतून पितात. त्याने बादली उचलली, पण तोवर जायचा तो फेस गेलाच होता. असल्या लोकांना गेटवरच अडवायला हवं, माझं स्पष्ट मत आहे.

परतताना रस्त्यावर एक वारली मावशी पळसाच्या पानांवर अळंबीचे वाटे मांडून बसलेली. भाव चढा होता, पण ही अळंबी बटण मशरूमसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही, तिला वारूळच लागतं, त्यामुळे मी घासाघीस केली नाही. कुठून काढली विचारलं तर म्हणाली, "जागा नाय सांगत. खणायचं नाय, वरची वर घ्यायची, मग पुढल्या वर्षी तिथंच येते."